थोरलीचं झाकण

आमच्या घरात दार लावायची सोय नाही. म्हणजे दारं आहेत, चांगली सागवानी आहेत, वडिलांनी हौसेनं करून घेतलेली आहेत. पण ती लावायची नाहीत. बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीतली सगळी मोकाट कुत्री हे जाणून आहेत. एकदा तर गांधी बझारातली एक गाय सरळ स्वयंपाकघरात आली आणि भाताचं पातेलं चाटून पुसून गेली. मी शाळेत वर्गच्या वर्ग गप्प बसवणारी बाई, पण धाकट्या भावापुढे माझं काही चालत नाही. कुणी दार लोटलं की हयवदन असेल तिथून उठतो, दार उघडतो, आणि मग उगाचच अंगणात फेऱ्या घालत सुटतो. न्हाणीघराला तर त्यानं दार काढून पडदाच लावला आहे. "तुझं लग्न ह्या पडद्यानं मोडलं," असं मी त्याला म्हणते. तो हसतो. आईनं घोड्याच्या तोंडाच्या देवाचं म्हणून नाव ठेवलं, पण चेहराही नेमका नावाप्रमाणे लांबुडका निघाला. हसला तरी तक्रार करतो आहे असंच वाटतं.

दारांचं कारण मला ठाऊक आहे. लढाईतून परत आल्यावर त्यानं ते एकदाच सांगितलं, आणि मी ते कुणापुढे काढलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात तो आरमारात होता. फिटरचं काम शिकत होता, तिथूनच आईला न सांगता भरती झाला. आई समुद्र ओलांडण्याच्या नावानं कपाळ बडवत बसली आणि हा पोहोचलासुद्धा. इंग्रजांच्या एका विनाशिकेवर माणसं कमी पडत होती, तिथं आपल्याकडचे काहीजण उसने दिले होते, त्यात हा. बोटीचं नाव 'थॉर्नबरी'. बॉयलरवरचे बहुतेक मालवणकडचे. त्यांनी तिची 'थोरली' करून टाकली. थोरली आज बरी चालली, थोरलीला आज ताप भरला, असं त्यांचं चालायचं. मालवाहू बोटींची राखण करायची, पाणबुड्यांच्या मागं धावायचं, बुडणाऱ्यांना वर ओढायचं, हे थोरलीचं काम.

त्या मालवणकरांना हयवदनच्या मराठीची फार गंमत वाटायची. आमची मराठी म्हणजे कधीकाळी फौजेबरोबर ह्या कानडी मुलखात आलेली आणि परतीची वाट विसरलेली. निम्मे शब्द कन्नड. 'थोडं'ला आम्ही स्वल्प म्हणतो, आणि 'ठीक आहे', 'चालेल', 'बरोबर' ह्या सगळ्यांना मिळून एकच शब्द, सरी. सोनू कुबल नावाचा एकजण ह्याची हुबेहूब नक्कल करायचा. जेवलास का? सरी. वारा पडला का? सरी. साहेब मेला का? सरी. दोघांची त्यातूनच गट्टी जमली.

मग बंगालच्या उपसागरात थोरलीवर विमानातून बॉम्ब पडला. बॉयलर रूमची भिंत फुटली, पाणी आत येऊ लागलं, वाफेचा नळ तुटला. खालची माणसं शिडीनं वर आली आणि वरून हुकूम सुटला की शिडीच्या तोंडावरचं लोखंडी झाकण लावा, नाहीतर पुढच्या खोलीतही पाणी जाईल आणि बोट जाईल. झाकणापाशी हयवदन होता. सोनू अजून खाली होता. वाफेनं काही दिसत नव्हतं. हा भोकात वाकून ओरडला, "सोनू, लावू का?" खालून सोनूचा आवाज आला, "सरी."

ह्यानं झाकण लावलं. थोरली वाचली, लंगडत बंदराला लागली. सोनू कुबल वाचला नाही.

"तो स्वतः म्हणाला, अक्का," असं हयवदन मला म्हणाला होता. "माझाच शब्द मला देऊन गेला." आणि खरं सांगायचं तर माझा भाऊ त्या एका शब्दावर जगला. नोकरी केली, आईचं केलं, माझ्या कटकटी ऐकल्या. दारं तेवढी लावू दिली नाहीत. तो शब्द नसता तर तो ह्या घरात राहिला असता की कुठल्या विहिरीत सापडला असता, ह्याचा विचारही मला नको वाटतो.

स्वातंत्र्यानंतर थोरली आपल्या आरमाराकडे आली, नवं नाव मिळालं, म्हातारी झाली आणि शेवटी मुंबईला भंगारात निघाली. चौसष्ट साली आमच्या गावात यंत्रांचं एक नवं म्युझियम उभं राहत होतं. तिथल्या रघुपतीनं, म्हणजे आमच्याच लोकांतल्या एका उत्साही पोरसवदा अधिकाऱ्यानं, त्या भंगारातून एक तुकडा मागवला. बोटीच्या डेकचा कापलेला चौकोन, त्यात ते गोल तोंड, त्यावरचं झाकण आणि खाली शिडी. मालगाडीनं तो यशवंतपूर स्टेशनात आला. जुळवाजुळव करायला कुणीतरी आरमारातला माणूस हवा म्हणून रघुपती आमच्या घरी आला, उघड्या दारातून थेट आत.

हयवदननं तो तुकडा बघितला त्या दिवशी घरी येऊन कॉफीसुद्धा घेतली नाही. "अक्का, थोरलीच आहे ती," एवढंच म्हणाला आणि बुल टेंपलच्या टेकडीकडे चालायला गेला. त्यानंतर त्याला एका जागी बसणं जमेना. घास तोंडात आणि पाय अंगणात. बसमध्ये बसला तर मधेच उतरून चालत यायचा. मी चिडले, मी ओरडले, मग मी गप्प बसले. महिन्यांमागून महिने तो कारखाना सुटल्यावर म्युझियममध्ये जायचा, गंज काढायचा, बिजागरीला तेल द्यायचा. झाकण मात्र उघडंच ठेवायचा.

आणि एक दिवस त्यानं रघुपतीला सगळं सांगून टाकलं. रघुपतीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं लगेच ठरवलं की झाकणाशेजारी पितळी पाटी लावायची: सोनू कुबल, मालवण. 'झाकण लावू का?' असं विचारल्यावर त्यानं उत्तर दिलं, 'सरी'. कन्नड वाचणाऱ्याला तर तो शब्द समजावूनही सांगायला नको, ह्याचाच त्याला केवढा आनंद. सोनूची बायको हयात आहे असं कळल्यावर त्यानं तिला उद्घाटनाला बोलावणं धाडलं. तुमच्या नवऱ्यानं आपणहून 'लाव' म्हणून सांगितलं आणि बोट वाचवली, हेही त्यात लिहिलं. हयवदनला एवढ्या वर्षांत तिला तोंड दाखवायचा धीर झाला नव्हता. "आता शब्दच आहे ना द्यायला," तो म्हणाला. "रिकाम्या हातानं नाही भेटणार मी."

सोनूची बायको येसूबाई आली ती बेळगावहून पुण्याच्या गाडीनं, उद्घाटनाच्या दोन दिवस आधी. आम्ही दोघं यशवंतपूरला घ्यायला गेलो. काटक बाई, नऊवारी काष्ट्याची, हातात कोकमाची पिशवी. गावच्या कुणीतरी तिला बेळगावात गाडीत बसवून दिलं होतं. हयवदननं वाकून नमस्कार केला तर ती मागं सरकली. रस्ताभर तिनं त्याच्याकडं नीट बघितलंही नाही. मला वाटलं, लाजते आहे.

संध्याकाळी हयवदन नेहमीप्रमाणे चालायला गेला. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि विळीवर घेवडा चिरू लागली. मी म्हटलं, पाहुण्यांनी काम करायचं नसतं. ती ऐकेना. मग विळीकडे बघतच म्हणाली, "बाय, माका येकच इचारूचा आसा. तुमच्या भावाक इचारूचा धीर नाय. तुमका इचारतंय."

"विचारा की."

"तो 'बरा, लाव' असा म्हणालो, असा तुमच्या कागदात लिवलेला हा. बायल घरात वाट बघता, ह्यां इसारलो तो?" तिचे हात थांबले. "लग्नाक वरीससुद्धा झाला नव्हता. गावात माका सगळे सांगतत, तुझो घोव देवमाणूस. मी म्हणतंय, मरणाक कोण 'बरा' म्हणता? ज्येका घराक येवचा नाय तो."

मी आपलं शिकवल्यासारखं काहीतरी बोलले, देश, कर्तव्य, बोटीवरचे इतके जीव. ती ऐकून घेत होती. तिचं दुःख जुनं होतं, पण हा राग नवा होता. आमच्या त्या बोलावण्यानंच तो तिच्या घरी नेऊन पोहोचवला होता. नवरा गेला ह्याच्याशी तिनं जुळवून घेतलं होतं. तो आपणहून राहिला, हे तिला सोसत नव्हतं. उद्घाटनाआधी, उद्या दुपारी, आम्ही तिला म्युझियम दाखवायला नेणार होतो; त्या झाकणापाशी उभं राहून ती हेच विचारणार होती. आणि माझा भाऊ तिला मोठ्या अभिमानानं 'सरी' हा शब्द देणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या पडवीत दळण निवडत होते. चुलीवर आंघोळीचं पाणी उकळत होतं. हयवदन पडवीच्या दारात उभा होता, कॉफीचा पेला हातात, पाठ आत, तोंड अंगणाकडे. दुपारी काय बोलायचं हे मनाशी घोकत असावा, ओठ हलत होते. येसूबाईनं माझं लक्ष नाही असं बघून पदरानं उकळत्या पाण्याची कळशी उचलली आणि न्हाणीघराकडे निघाली. वाट त्याच दारातून होती.

वाफेमागून तिचा आवाज आला, घाईचा, हात भाजत असताना येतो तसा. "सर रे."

"सरी, सरी," हयवदन मान हलवत म्हणाला आणि तिथंच उभा राहिला.

ती अडखळली, कळशी कलंडली आणि पाणी त्याच्या पावलांवर सांडलं. पेला खाली पडला. तो ओरडला नाही. ती मात्र बावरून म्हणाली, "सर रे म्हटलंय न्हय मी? आयकूक नाय इला?"

"तुम्ही सरी म्हणालात," हयवदन म्हणाला.

"सरी म्हणजे काय? माका नाय ठावक. वाटेत उभे ऱ्हवलात, म्हणान सर रे म्हटलंय. बाजूक हो म्हणान."

त्याचा लांब चेहरा असा काही पांढरा पडला की येसूबाईला वाटलं भाजल्यानंच. ती थंड पाणी आणायला विहिरीकडे धावली. मी त्याला धरून पायरीवर बसवलं. पावलं लाल झाली होती, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"अक्का, ऐकलंस?"

"मी काही ऐकलं नाही," मी म्हटलं. मी धडधडीत खोटं बोलत होते आणि ते त्याला कळत होतं.

"मी झाकणाच्या तोंडात वाकून उभा होतो. शिडीची वाट मीच अडवली होती. सर रे म्हणाला तो. मला म्हणाला, बाजूला हो."

"कशावरून? सोनूला तुझं 'सरी' ठाऊक होतं. तूच म्हणतोस ना, तो तुझी नक्कल करायचा."

"नक्कल निवांत बसल्यावर करतात, अक्का. पाठीला वाफ लागल्यावर माणूस आपल्याच बोलीत बोलतो."

मला त्याचा इतका राग आला की मी हातातलं सूप आपटलं. कुणाचा राग, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "मग आता गप्प बस. पाटी तयार आहे. उद्या सगळं गाव येणार. सोनू परत येणार नाही. एवढी वर्षं ज्यावर काढलीस ते असं हातानं मोडू नकोस. मी सांगते म्हणून गप्प बस."

त्यानं मान खाली घातली. लहानपणी मी रागावले की घालायचा तशीच. तो गप्प बसला असता. मला माहीत आहे, तो गप्प बसला असता, कारण अक्कानं सांगितलं होतं. विहिरीवर रहाटाचा आवाज येत होता. ती बाई त्याच्यासाठी पाणी ओढत होती, आणि मनात तो राग घेऊन उद्या तशीच मालवणला परत जाणार होती. मी माझ्या भावाची बहीण आहे, दुसऱ्या कुणाची नाही. तरी मला राहवलं नाही.

"काल ती मला काय म्हणाली, ते ऐक आधी," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. घराक येवचा नाय तो, हेसुद्धा.

त्यानं सगळं ऐकलं. मग थंड पाण्याची वाट न बघता उठला आणि तशाच भाजलेल्या पायांनी अंगणात फेऱ्या घालू लागला. मी त्याला थांबवलं नाही.

दुपारी आम्ही तिघं म्युझियममध्ये गेलो. मोठ्या दालनाच्या मधोमध लोखंडी पायांवर थोरलीचा तो तुकडा उभा केला होता. चार पायऱ्या चढून वर गेलं की पायांखाली डेक, समोर ते गोल तोंड, बाजूला उघडं झाकण, करड्या रंगाचं. पाटीवर फडकं टाकलेलं होतं. रघुपती लगबगीनं पुढं आला आणि येसूबाईच्या पाया पडला.

हयवदन त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "पाटी काढ, रघुपती. नाव राहू दे, गाव राहू दे. खालचा शब्द काढ."

"काका, उद्घाटन उद्या आहे. आणि त्या शब्दासाठी तर पाटी."

"तो शब्द माझा आहे. त्याचा नाही."

रघुपतीला काही कळलं नाही. मी त्याला कोपरानं ढकलून लांब उभं केलं. असल्या वेळी बाईमाणसानं वयाचा फायदा घ्यावा.

हयवदन वर चढला. पावलं ठणकत होती, कठड्याला धरून उभा राहिला, बरोबर त्या तोंडापाशी, तेव्हा उभा होता तसाच. येसूबाई त्याच्या मागोमाग चढली. मी खालीच राहिले. कठड्यावर त्याची बोटं नुसती वाजत होती. मला वाटलं, पळतो हा आता. मी मनात म्हणत होते, पळ. आणि तेही खोटं होतं. मला तो बोलायला हवा होता.

"बाई," तो म्हणाला, "आम्ही तुम्हाला चुकीचं कळवलं. सोनू 'बरं' म्हणाला नाही. 'लाव' म्हणाला नाही. मी विचारलं लावू का, तर तो म्हणाला, सर रे. आमच्या बोलीत सरी म्हणजे ठीक आहे. मला सरी ऐकू आलं. मी वाटेत उभा होतो. तो शिडीवर होता. मी झाकण लावलं."

येसूबाईनं झाकणाकडं बघितलं, मग शिडीकडं. मग हळूच डेकवर बसली, अंगणात बसावं तशी.

"म्हणजे तो वर येत होतो," ती म्हणाली.

"होय."

"घराक येत होतो."

हयवदननं मान डोलावली. ती रडू लागली. मोठ्यानं नाही, पण लपवूनही नाही. मला ते बघवत नव्हतं, आणि तरी मला दिसलं की यशवंतपूरला उतरल्यापासून तिचा जो जबडा आवळलेला होता तो सुटला आहे. तिला तिचा नवरा परत मिळाला होता. माझ्या भावाकडे आता काहीही उरलं नव्हतं. तो तिच्यासमोर नुसता उभा होता, ती काय म्हणेल त्याची वाट बघत. शिव्या दिल्या असत्या तरी त्यानं घेतल्या असत्या. मला वाटतं, त्याला त्या हव्याच होत्या.

तिनं शिव्या दिल्या नाहीत. माफ केलं असंही म्हणाली नाही. पदरानं तोंड पुसलं, गुडघ्यावर हात टेकून उठली. तिला ते तोंड आतून बघायचं होतं, जिथून तो वर येत होता ती शिडी बघायची होती. हयवदन मधे उभा होता.

"सर रे," ती म्हणाली, सख्ख्या भावाला म्हणावं तसं.

ह्या वेळी त्याला नीट ऐकू आलं. तो बाजूला सरला.